फ्लिंट, मिशिगन: तक्रार आणि पुरावा यांच्यामधले अठरा महिने

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहराचा पाणीपुरवठा २५ एप्रिल २०१४ रोजी ह्युरॉन सरोवरावरून शहरातूनच वाहणाऱ्या फ्लिंट नदीवर वळवण्यात आला आणि १६ ऑक्टोबर २०१५ रोजी तो पूर्ववत करण्यात आला. मधल्या अठरा महिन्यांत जवळपास एक लाख वस्तीच्या या शहरात जुन्या वाहिन्यांमधले शिसे नळावाटे घरोघर पोहोचले. याच काळात लीजनेअर्स या न्यूमोनियाच्या गंभीर प्रकाराचे सुमारे ९० रुग्ण आढळले आणि सरकारी नोंदीनुसार त्यांपैकी १२ जण दगावले. या प्रकरणावर अभियांत्रिकी, वैद्यक आणि कायदा या तिन्ही अंगांनी विपुल लिहिले गेले आहे. येथील प्रश्न त्याहून मर्यादित आहे. पाण्याला रंग आहे, वास आहे, आंघोळीनंतर अंगावर चट्टे उठतात, हे रहिवासी पुरवठा बदलल्यावर थोड्याच काळात सांगू लागले होते. ते खरे मानले जायला दीड वर्ष का लागले? या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या रसायनशास्त्रात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे फ्लिंटच्या राज्यकारभारात आहे, कारण नागरिकांची तक्रार ज्या वाटेने सार्वजनिक प्रश्न बनते ती वाटच त्या काळात कायद्याने बंद करण्यात आली होती.

मोटारींचे शहर आणि त्याभोवतीची उपनगरे

जनरल मोटर्स ही कंपनी १९०८ मध्ये फ्लिंटमध्ये स्थापन झाली. ३० डिसेंबर १९३६ ते ११ फेब्रुवारी १९३७ या काळात येथील कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून संप केला आणि मोटार कामगारांच्या संघटनेला कंपनीची मान्यता मिळवून दिली. अमेरिकी मध्यमवर्गाच्या घडणीत या संपाचा वाटा मोठा मानला जातो. १९६० मध्ये शहराची लोकसंख्या १,९६,००० च्या वर होती. १९७८ च्या सुमारास कंपनीचे फ्लिंट परिसरात सुमारे ८०,००० कामगार होते, २०१० च्या आसपास ते दहा हजारांच्याही खाली आले. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ८१,२५२ भरली.

कारखाने गेले म्हणून शहर बुडाले, हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नवे कारखाने आणि नव्या वसाहती शहराच्या हद्दीबाहेर उभ्या राहिल्या, गोरे रहिवासी तिकडे गेले आणि कृष्णवर्णीयांना घर खरेदीच्या बंधनांमुळे बराच काळ तिकडे जाता आले नाही. १९५८ मध्ये शहर आणि भोवतालची उपनगरे मिळून एकच महानगर करण्याची योजना मांडली गेली होती. ती उपनगरांच्या विरोधामुळे बारगळली. येथे फ्लिंटच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. फेब्रुवारी १९६८ मध्ये घर विक्री आणि भाड्यातील वर्णभेदाला मनाई करणारा अध्यादेश येथील मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केला. फेरमोजणीनंतर मताधिक्य अवघे ३० मतांचे होते, तरीही असा कौल जनमताने देणारे हे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. मात्र तोवर ज्यांना जायचे होते त्यांच्या जाण्याला वेग आला होता, आणि शहराची हद्द हीच संपत्तीची आणि वर्णाचीही हद्द बनत चालली होती. २०१४ मध्ये फ्लिंटमध्ये अर्ध्याहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय होते आणि ४० टक्क्यांहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली होते.

या इतिहासाचा पाण्याशी अगदी शब्दशः संबंध आहे. फ्लिंटचे वाहिन्यांचे जाळे दोन लाख लोक आणि पाणी पिणारे अजस्र कारखाने गृहीत धरून टाकलेले होते. ग्राहक निम्मे झाले तरी वाहिन्यांची लांबी तेवढीच राहिली, त्यामुळे पाणी त्यांत अधिक काळ साचून राहू लागले, क्लोरीनचा अंश वाटेतच संपू लागला आणि देखभालीचा सगळा बोजा उरलेल्या, तुलनेने गरीब कुटुंबांच्या पाणीपट्टीवर पडला. देशातील पाचशे मोठ्या पाणीपुरवठा यंत्रणांच्या तुलनेत फ्लिंटची घरगुती पाणीपट्टी सर्वाधिक, वर्षाला सुमारे ८६४ डॉलर असल्याचे २०१५ च्या दरांच्या पाहणीत आढळले. जे पाणी पिण्यालायक नव्हते त्याचेच हे दर होते.

निवडून न आलेला कारभारी

तोट्यातल्या शहरांवर राज्य सरकारने 'आणीबाणी व्यवस्थापक' नेमण्याची पद्धत मिशिगनमध्ये जुनी होती. मार्च २०११ मध्ये गव्हर्नर रिक स्नायडर यांनी सही केलेल्या कायद्याने तिला नवे दात आले. हा व्यवस्थापक महापौर आणि नगर परिषद यांचे सर्व अधिकार वापरू शकत असे, कामगार संघटनांशी झालेले करार मोडू शकत असे, शहराची मालमत्ता विकू शकत असे. महापालिकेवर नेमलेला प्रशासक महाराष्ट्रातील वाचकाच्या परिचयाचा आहे, परंतु आपल्याकडे तो सहसा मुदत संपलेल्या सभागृहाच्या जागी येतो. फ्लिंटमध्ये निवडून आलेले सभागृह जागच्या जागी होते, निवडणुकाही होत होत्या, फक्त निर्णय दुसरीकडे होत होता. महापौर डेन वॉलिंग ८ नोव्हेंबर २०११ रोजी फेरनिवडून आले आणि त्याच दिवशी राज्याच्या समितीने शहर आर्थिक आणीबाणीत असल्याचा निष्कर्ष जाहीर केला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये राज्यातील मतदारांनी हा कायदा जनमताने फेटाळला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, विधिमंडळाच्या मावळत्या अधिवेशनात, जवळजवळ तसाच दुसरा कायदा मंजूर झाला. त्यात थोडीशी आर्थिक तरतूद घातलेली होती. खर्चाची तरतूद असलेल्या कायद्यावर मिशिगनच्या राज्यघटनेनुसार जनमत घेता येत नाही, म्हणून हा दुसरा कायदा मतदारांच्या आवाक्याबाहेर राहिला. डेट्रॉइट, पाँटिअॅक, बेंटन हार्बर, फ्लिंट अशी शहरे एकापाठोपाठ एक या व्यवस्थेखाली आल्याने एका टप्प्यावर राज्यातील सुमारे निम्मे कृष्णवर्णीय नागरिक अशा शहरांत राहत होते जिथला कारभारी त्यांनी निवडलेला नव्हता. गोऱ्या नागरिकांबाबत हे प्रमाण अगदी किरकोळ होते. कायद्याच्या मजकुरात वर्णाचा उल्लेख कुठेही नाही. मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने २०१७ च्या अहवालात जेव्हा व्यवस्थात्मक वर्णभेदाचा निष्कर्ष काढला तेव्हा त्याचा रोख कोणा एका अधिकाऱ्याच्या द्वेषभावनेकडे नव्हता. निकष वरकरणी तटस्थ असतात, परंतु ते ज्या भूमीवर लावले जातात ती दशकांपूर्वीच विभागलेली असते, असे त्याचे म्हणणे होते.

नदीवर वळण्याचा निर्णय याच व्यवस्थेत झाला. कॅरेग्नॉन्डी या नव्या प्राधिकरणाची ह्युरॉन सरोवरावरून येणारी जलवाहिनी पूर्ण होईपर्यंत आजवर डेट्रॉइट शहराकडून विकत मिळणारे सरोवराचेच महाग पाणी घेण्याऐवजी नदीचे पाणी वापरल्यास दोन वर्षांत सुमारे ५० लाख डॉलर वाचतील, असा हिशेब होता. त्याच नव्या वाहिनीची वाट पाहणारी, फ्लिंटभोवतीच्या जेनेसी काउंटीची (जिल्ह्याची) उपनगरे मधल्या काळात डेट्रॉइटचेच पाणी विकत घेत राहिली. एकाच प्रकल्पातल्या दोन भागीदारांपैकी नदीवर गेले ते फक्त फ्लिंट.

आकडा कसा तयार होतो

फ्लिंट नदीचे पाणी सरोवराच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक गंज आणणारे होते. डेट्रॉइटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घातलेले असे आणि त्यामुळे वाहिन्यांच्या आत एक संरक्षक थर टिकून राही. नदीच्या पाण्यात ते घातलेच गेले नाही. त्याचा खर्च दिवसाला शे-दीडशे डॉलर एवढाच आला असता, असा अंदाज नंतर दिला गेला. केंद्राच्या १९९१ च्या शिसे-तांबे नियमानुसार एवढ्या मोठ्या यंत्रणेला गंजरोधक प्रक्रिया आवश्यक होती, परंतु राज्याच्या पर्यावरण विभागाने आधी दोन सहामाही चाचण्या करून मग ठरवावे, असा अर्थ लावला. म्हणजे शहरच चाचणीचे पात्र बनले.

पुढचा क्रम असा. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१४ मध्ये जीवाणू आढळल्याने पाणी उकळून पिण्याचे इशारे दिले गेले. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून आपल्या कारखान्यासाठी फ्लिंटचे पाणी बंद करून शेजारच्या फ्लिंट टाउनशिपमधून सरोवराचे पाणी घेतले. त्यापायी शहराचे वर्षाला सुमारे चार लाख डॉलरचे उत्पन्न बुडत असतानाही तिला परवानगी मिळाली. जंतू मारण्यासाठी क्लोरीन वाढवल्याने ट्रायहॅलोमिथेन या घातक रसायनांची मर्यादा ओलांडली गेली आणि जानेवारी २०१५ मध्ये रहिवाशांना तशी नोटीस गेली. त्याच महिन्यात फ्लिंटमधील राज्य सरकारी कार्यालयाच्या इमारतीत बाटलीबंद पाण्याचे कूलर बसवण्यात आले. रहिवासी सभांना पिवळ्या-तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन येत होते आणि पाणी मानकांत बसते असे त्यांना सांगितले जात होते. २३ मार्च २०१५ रोजी नगर परिषदेने डेट्रॉइटकडे परतण्याचा ठराव ७ विरुद्ध १ मतांनी केला. तत्कालीन व्यवस्थापक जेरी अॅम्ब्रोज यांनी तो अनाकलनीय ठरवून बाजूला ठेवला.

शिशाचा अधिकृत आकडा कसा बनला, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. नियम असा की घरांतून घेतलेले नमुने चढत्या क्रमाने लावायचे आणि नव्वदाव्या टक्क्यावरचा नमुना लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या वर गेला तर कारवाई करायची. म्हणजे दहा टक्के घरांत कितीही शिसे असले तरी शहर नियमात बसू शकते. २०१५ च्या पहिल्या सहामाहीत फ्लिंटने ७१ नमुने घेतले. राज्याच्या विभागाने त्यांतील दोन तांत्रिक कारणे देऊन वगळायला लावले, ६९ उरले, आणि १५ च्या वर जाणारा आकडा ११ वर आला. वगळलेल्या दोनपैकी एक घर लीअॅन वॉल्टर्स यांचे होते, जिथे आधी १०४ आणि नंतर ३९७ मायक्रोग्रॅम शिसे आढळले होते आणि ज्यामुळे हा सगळा विषय सुरू झाला होता. शिवाय नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटे सोडून ठेवावा, अशी सूचना रहिवाशांना दिली जात होती, जिच्यामुळे वाहिनीत साचलेले शिसे आधीच वाहून जाते. प्रत्येक पायरीला कागदोपत्री समर्थन होते. नियम मोडण्यापेक्षा नियमांत बसण्याची ही कला नोकरशाहीच्या अभ्यासकाला अधिक अस्वस्थ करणारी वाटावी.

केंद्रीय पर्यावरण संस्थेतील मिगेल डेल टोराल यांनी जून २०१५ मध्ये या त्रुटी टिपणात मांडल्या. टिपण फुटल्यावर राज्याच्या प्रवक्त्याने चिंता करणाऱ्यांनी निश्चिंत राहावे, असे जाहीर सांगितले. खुद्द गव्हर्नरांच्या कार्यालयातील प्रमुखाने त्याच जुलैमध्ये, हे लोक घाबरलेले आहेत आणि आपण त्यांना उडवून लावत आहोत, अशा आशयाचा ईमेल आरोग्य विभागाला पाठवला होता. विभागातील एका विश्लेषणात २०१४ च्या उन्हाळ्यात मुलांच्या रक्तातील शिसे वाढल्याचे दिसतही होते. ती ऋतुमानानुसार होणारी वाढ समजली गेली.

कोणाचे म्हणणे मोजले गेले

ऑगस्ट २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेकमधील मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने ३०० नमुना संच फ्लिंटला पाठवले आणि सप्टेंबरात निष्कर्ष जाहीर केले. २४ सप्टेंबर रोजी हर्ली रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्ताचे आकडे मांडले. नंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार पाच वर्षांखालील मुलांत शिशाची पातळी वाढलेल्यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले होते. राज्याने काही दिवस त्यांनाही खोडून काढण्याचा प्रयत्न केला, मग माघार घेतली, आणि तीन आठवड्यांत पाणी पूर्ववत झाले.

हा भाग सहसा शास्त्रज्ञाच्या आणि डॉक्टरांच्या शौर्यकथेसारखा सांगितला जातो. दोघांचे काम मोलाचे आहे यात शंका नाही, परंतु तीनशे संच घरोघर पोहोचवणे, नळ रात्रभर बंद ठेवून पहिल्या धारेचा नमुना कसा घ्यायचा हे शेजाऱ्यांना समजावणे, भरलेल्या बाटल्या वेळेत परत पाठवणे हे काम रहिवाशांच्या गटांनी केले. त्यांत चर्चचे पाळक होते, गृहिणी होत्या, कामगार संघटनेतले निवृत्त कार्यकर्ते होते. संपाचे शहर असल्याने संघटन कसे करायचे हे येथे कोणाला शिकवावे लागले नाही. त्याआधी जुलैमध्ये पाणी तोडलेल्या डेट्रॉइटकरांसह डेट्रॉइट ते फ्लिंट पदयात्राही निघाली होती. मतपेटीतून बोलण्याची सोय नसलेल्या नागरिकांनी शेवटी पदवी आणि प्रयोगशाळा असलेल्यांच्या तोंडून आपले म्हणणे वदवून घेतले, असे या टप्प्याचे वर्णन करता येईल. कारखान्याला ते करावे लागले नव्हते. इंजिनाला लागलेला गंज हा पुरावा म्हणून लगेच चालला, अंगावरचे चट्टे चालले नाहीत.

या मांडणीवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही दखलपात्र आहेत. पहिला असा की निवडून आलेले सरकार असते तरी हेच घडले असते: मार्च २०१३ मध्ये नव्या प्राधिकरणात जाण्याला नगर परिषदेनेच ७ विरुद्ध १ मतांनी पाठिंबा दिला होता, आणि नदीचे पाणी सुरू करणारे बटण महापौर वॉलिंग यांनीच दाबले, पाण्याचा पेला उंचावून. शिवाय वॉशिंग्टन शहरात २००१ ते २००४ या काळात शिशाचे प्रमाण कमी भयंकर नव्हते आणि तिथे आणीबाणी व्यवस्थापक नव्हता. हे मान्य करावे लागते. मात्र परिषदेचा तो ठराव नव्या वाहिनीबद्दल होता, मधल्या काळात नदी वापरण्याबद्दल नव्हता. आणि चूक होणे व चूक उघड झाल्यावर मागे फिरता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च २०१५ चा ठराव अमलात आला असता तर सात महिने वाचले असते. राज्यानेच नेमलेल्या चौकशी गटाने मार्च २०१६ च्या अहवालात या प्रकरणाला सरकारी अपयश आणि पर्यावरणीय अन्याय म्हटले आणि त्यात व्यवस्थापक पद्धतीचाही दोष दाखवला. दुसरा आक्षेप विषबाधेच्या तीव्रतेचा आहे. फ्लिंटच्या मुलांच्या रक्तातील शिसे १९७० च्या दशकातील सर्वसाधारण अमेरिकी मुलापेक्षाही बरेच कमी होते, त्यामुळे 'विषबाधित पिढी' हा शिक्का वैद्यकीयदृष्ट्या अतिशयोक्त आणि सामाजिकदृष्ट्या घातक आहे, असे काही डॉक्टर म्हणतात.

या दुसऱ्या आक्षेपावर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अनपेक्षित प्रकाश टाकला. संकटानंतर फ्लिंटच्या शाळकरी मुलांचे गणितातील गुण घसरले आणि विशेष शिक्षणाची गरज असल्याची नोंद झालेल्यांचे प्रमाण सुमारे आठ टक्क्यांनी वाढले, विशेषतः मुलग्यांत. परंतु शिशाची वाहिनी असलेल्या घरातली मुले आणि तांब्याची वाहिनी असलेल्या घरातली मुले यांच्यात फरक आढळला नाही. म्हणजे हानी केवळ नळातून आली नसावी. भीती, स्थलांतर, घरातला ताण, आपले मूल बिघडले आहे ही सतत ऐकू येणारी गोष्ट, यांचाही तीत हात असावा. समाजशास्त्रज्ञाला हा निष्कर्ष पटण्याजोगा आहे. शिक्का मारू नका म्हणणाऱ्या डॉक्टरांना तो बळ देतो, आणि हानी झालीच नाही म्हणणाऱ्यांना मात्र तो मुळीच बळ देत नाही.

खोदलेले रस्ते

संकट जाहीर झाल्यावर राष्ट्रीय रक्षक दलाचे जवान दारोदार पाणी आणि गाळण्या वाटू लागले. सुरुवातीला वाटप केंद्रांवर ओळखपत्र मागितले जात असल्याने आणि गणवेशातले लोक दाराशी येत असल्याने कागदपत्रे नसलेले स्थलांतरित मदतीपासून दूर राहिले, हे या कथेतले फारसे न चर्चिलेले पान आहे. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांची जाहीर चर्चा फ्लिंटमध्ये झाली, मे महिन्यात अध्यक्ष ओबामा यांनी गाळलेल्या पाण्याचा घोट घेतला, सप्टेंबरात डोनाल्ड ट्रम्प येऊन गेले. ओबामांच्या त्या घोटाने अनेक रहिवासी दुखावले. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांनी मिशिगन १०,७०४ मतांनी जिंकले. या निकालाचे श्रेय किंवा दोष फ्लिंटच्या पाण्याला देण्याचा मोह टाळलेला बरा. मात्र कोणताही पक्ष आपला नाही ही भावना या शहरात त्या वर्षी सार्वत्रिक होती.

अविश्वासाचे सर्वांत स्पष्ट दर्शन वाहिन्या बदलण्याच्या कामात झाले. कोणत्या घराला शिशाची वाहिनी आहे याची नोंद शहराकडे सुमारे ४५,००० जुन्या कार्डांवर होती आणि ती भरवशाची नव्हती. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी संगणकीय प्रारूप तयार करून कुठे खोदावे याचा अंदाज बांधला, आणि २०१७ मध्ये खोदलेल्या घरांपैकी सुमारे ७० टक्के ठिकाणी बदलण्याजोगी वाहिनी सापडली. मग शेजारच्या घरी खोदले आणि आमच्याकडे नाही, हे कोणत्या हिशेबाने, असा प्रश्न प्रत्येक प्रभागातून येऊ लागला. प्रारूप बाजूला पडले, सरसकट खोदाई सुरू झाली आणि २०१८ मध्ये सापडण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आले. आर्थिक दृष्टीने हा अपव्यय होता. परंतु ज्यांना दीड वर्ष आकड्यांच्या आधारे गप्प केले गेले होते त्यांनी नव्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तरी कशाच्या बळावर? आपल्या अंगणातली वाहिनी स्वतःच्या डोळ्यांनी तांब्याची असलेली पाहणे, हीच त्यांच्या लेखी तपासणी होती. २०२५ च्या उन्हाळ्यात हे काम पूर्ण झाल्याचे राज्याने न्यायालयाला कळवले. तोवर सुमारे ११,००० वाहिन्या बदलल्या गेल्या होत्या.

फौजदारी बाजूचा शेवट थोडक्यात सांगता येतो. स्नायडर यांच्यासह अनेकांवर जानेवारी २०२१ मध्ये आरोप ठेवले गेले. एकट्या न्यायाधीशाला ग्रँड ज्युरी (खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणारे मंडळ) म्हणून आरोपपत्र देता येत नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये ठरवले आणि २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत सर्व खटले संपले. कोणीही तुरुंगात गेले नाही.

दिवाणी बाजूला नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६२.६ कोटी डॉलरच्या तडजोडीला न्यायालयाची अंतिम मान्यता मिळाली, आणि त्यातील सुमारे ८० टक्के रक्कम तेव्हा अल्पवयीन असलेल्यांसाठी राखून ठेवण्यात आली. कोणाला किती मिळणार हे वयावर आणि पुराव्यावर ठरते: त्या काळातली रक्तचाचणी किंवा नंतरची हाडांतील शिशाची चाचणी ज्याच्याकडे आहे त्याची श्रेणी वरची. रक्तातले शिसे काही आठवड्यांत कमी होऊ लागते, त्यामुळे २०१४-१५ मध्ये सरकारच्या सांगण्यावर विसंबून ज्यांनी मुलांची चाचणी केलीच नाही, त्यांच्यापाशी आज दाखवायला कागद नाही.